भिंतीतली कडी

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

क्रांती,

फाडायच्या आधी चार ओळी वाच. यात तुझ्या सासरचं काही नाही, आण्णांचा निरोप नाही, परत ये असंही नाही. एका कुत्र्याच्या पिल्लाबद्दल आहे.

बडोद्याचा पत्ता मामाच्या तेजस्वीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी रडून घेतलाय. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आण्णा समोरच खुर्चीत बसलेले असतात, मग मी काय बोलणार? म्हणून लिहायला बसले. अक्षर ओळखशीलच. तुझ्याच पाटीवर तुझ्यामागनं गिरवून शिकलेलं आहे.

वारणानगरचं कॉलनीमागचं घर मालकाला पाडायचं होतं, म्हणून गणपतीनंतर आम्ही इथं आलो. पहिला मजला. चांगलं आहे, नळाला पाणी येतं, खाली दुकानं आहेत. फक्त सगळ्या गल्ल्या एकसारख्या, नंबर बघितल्याशिवाय आपली कुठली ते कळत नाही. संडास घरातच आहे. आण्णांना ते अजून आवडलेलं नाही.

तर दिवाळी झाल्यावर आण्णा किटली घेऊन दुधाला गेले आणि बऱ्याच उशिरानं आले ते सदऱ्यात पिल्लू घालून. मी म्हटलं, "अवो, दूध कुठाय?"

"दूध?" म्हणाले. "ह्याला आणलं की."

किटली पण कुठं राहिली कुणास ठाऊक. तू लहानपणी तो काळा कुत्रा पडवीत घेतलास म्हणून त्यांनी तुझं जेवण बंद केलेलं, आणि आता स्वतः सदऱ्यात घालून! मी आपली हसले. लोण्याच्या गोळ्यासारखं आहे, म्हणून त्यांनीच नाव ठेवलं लोण्या.

आता माझी पंचाईत ऐक. हे पोरगं घरभर करतं. ओट्यापाशी, खाटेखाली आणि सगळ्यात जास्त देव्हाऱ्याखाली, हॉलच्या कोपऱ्यात. रोज उठावं तर तिथं ओलं. मी पुसते, गोमूत्र शिंपडते, देवाची माफी मागते, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. आण्णा चप्पल घेऊन धावतात. तुला त्यांचा हात माहीत आहे. पिल्लू एवढंसं, एखादा वर्मी बसला तर जाईल गं. परवा म्हणाले, "आणखी एकदा करू दे, गॅलरीतनं खाली टाकतो." मला रात्रंदिवस त्याची भीती वाटते. खाली खट्ट वाजलं तरी आधी गॅलरीकडं बघते.

तू तिथं पाळणाघरात दुसऱ्यांची पोरं सांभाळतेस. त्यांना शी-शूचं कसं शिकवतेस, तेवढं कळव. वरच्या मजल्यावर अनुजा म्हणून शिकवणी घेणारी मुलगी राहते, तिचा नंबर खाली लिहिलाय. आण्णांना कळणार नाही.

तुझी आई


२६ नोव्हेंबर

क्रांती,

अनुजा जिन्यावरनंच ओरडत आली, "काकू, बडोद्याचा मेसेज!" माझे हात पिठाचे. मी म्हटलं वाच, वाच. तिनं वाचलं आणि हसायला लागली. मग मी हात धुऊन स्वतः वाचलं.

"गोमूत्र बंद कर. त्या वासानं ते परत तिथंच येणार. साबणानं धू, वर व्हिनेगर फिरव. मारू नका."

चार दिवाळ्यांनंतर लेकीचा शब्द आला तो गोमूत्रावर! पण मला बाई तेवढा पण गोड लागला. आणि खरंच की, मी येड्यासारखी रोज त्याला तिथं वाटच दाखवत होते. शुद्ध करते म्हणून मुताचा वास आणखी घालायचा, आणि पिल्लानं ओळखायचं, की हां, करायची जागा ती हीच. अनुजानं आपल्याकडचं व्हिनेगर दिलं. गोमूत्राची बाटली खाली गोठेवाल्याला परत.

तुझा दुसरा मेसेज मी कॅलेंडरच्या मागं उतरून ठेवला. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच खाली न्यायचं. रोज एकाच जागी. केलं की तिथंच, त्याच क्षणी शाब्बास म्हणायचं, घरात येऊन नाही. घरात केलं तर तोंडातनं शब्द काढायचा नाही, गपचूप पुसायचं.

समोर नवीन इमारत चाललीय, तिच्या कडेला वाळूचा ढीग आहे. परकराच्या नाडीचा पट्टा केलाय आणि त्याला तिथं नेते. पहिल्यांदा नुसतं हुंगत बसायचं, मी उभी आपली थंडीत. मग एकदाचं केलं की मी भर रस्त्यात, "शाब्बास रे माझ्या राजा! शाब्बास!" आणि खोबऱ्याचा तुकडा. गवंडी माणसं काम थांबवून बघतात. एकजण म्हणाला, "मावशी, आमाला बी म्हना की कवातरी." मी म्हटलं, "तू बी वाळूत कर, म्हंते."

आता ओट्यापाशी नाही, खाटेखाली नाही. दाराशी जाऊन कुईकुई करतो. हुशार आहे गं.

देव्हाऱ्याखाली मात्र अजून मधूनमधून ओलं असतं. तेवढ्या एका जागेला हट्टी आहे. रात्री त्याला स्वयंपाकघरात ठेवून बाहेरनं कडी घालते, तरी. कसा येतो कोण जाणे. असो.

आण्णा बरे आहेत. जरा वजन उतरलंय. त्यांना पत्राचं सांगितलेलं नाही.

आई


१२ डिसेंबर

क्रांती,

हे पत्र तेजस्वीला दाखवू नकोस. कुणालाच दाखवू नकोस.

मार्गशीर्षातला गुरुवार आहे आज. कलश मांडायचा म्हणून उजाडताच अंघोळ करून हॉलमध्ये आले. हातात नारळ होता. आण्णा देव्हाऱ्यापाशी, भिंतीकडं तोंड करून उभे. मला वाटलं नमस्कार करतायत. तर ते भिंतीवरनं हात फिरवत होते, वरनं खाली, खालनं वर.

"बना," मला म्हणाले, मागं न बघताच. "ह्या दाराची कडी कुणी काढली गं?"

भिंत आहे ती. कोरी भिंत. त्यांनी खांदा लावून ढकललं तिला. पुन्हा ढकललं. आणि मग तिथंच, उभ्या उभ्या झालं.

ते वळले, खाली ओलं बघितलं, आपल्या पायांकडं बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी तुला लिहिणार नाही. पण तो लगेच गेला आणि नेहमीचा आला. चप्पल उचलली. "त्या कुत्र्यानंच केलंय!" म्हणत स्वयंपाकघराकडं गेले, दाराची बाहेरची कडी आपल्या हातानं काढली, क्रांती, आपल्या हातानं कडी काढली आणि आत कोंडलेल्या त्या पिल्लाला मारलं. त्यानं घाबरून तिथंच केलं. "बघ," मला म्हणाले. "म्हनालो न्हवतो?"

मी तशीच नारळ घेऊन उभी राहिले. लोण्या माझ्या पायामागं आला, थरथर कापत होता.

मागच्या पत्रात मी त्याला हट्टी म्हणून लिहिलं ना? खोटं होतं ते. कडी घातलेल्या दारातनं पिल्लू बाहेर येत नाही, एवढं मला कळत होतं. पण त्याच्या नावावर होतं तोवर बरं होतं. कुत्र्याचं पिल्लू शिकतं. हे दुसरं काय आहे आणि ते कुठवर जातं, याचा विचार करायची माझी छाती नव्हती.

आणखी पण आहे. किटली एकदा नाही, तीनदा हरवली. शेजारच्या पूर्णिमा वहिनींना ते रोज नव्यानं "पावणं कुठलं?" विचारतात. गॅस चालू ठेवून जातात. मी सगळं झाकते. वहिनी म्हणतात, कुत्र्याचा वास येतो, सोसायटीत सांगावं लागेल. मी म्हणते, लहान आहे, शिकेल.

पूजा कशीबशी केली. मग तिथंच फरशीवर बसले होते आणि एकाएकी दिसलं मला. वारणेच्या आपल्या घरात खाटेवरनं उठलं की डाव्या हाताला मागचं दार होतं, आठवतंय? कडी काढली की परसात, आणि परसात संडास. इथं खाटेवरनं उठून डाव्या हाताला गेलं की देव्हाऱ्याचा कोपरा येतो.

ते रोज मागचं दार शोधतात गं.

आई


२१ डिसेंबर

क्रांती,

तुझे मेसेज मिळाले. अनुजानं ते वाचलं नाही, फोन माझ्या हातात देऊन गच्चीवर गेली. चांगली आहे.

डॉक्टरांकडं ने म्हणतेस. नेलं. कसं नेलं ते ऐक. "लोण्याला इंजेक्शन द्यायचंय, चला," म्हटलं. ते पिल्लू घेऊन निघाले आणि मी त्यांना माणसांच्या दवाखान्यात बसवलं. डॉक्टरीणबाईंनी पिल्लाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आण्णांना तपासायला घेतलं. विसरण्याचा आजार आहे म्हणाल्या. गोळ्यांनी थोडा हळू होईल, जाणार नाही. मी विचारलं, करू काय? तर म्हणाल्या, ठरलेल्या वेळी न्या, रागावू नका, जमलं की कौतुक करा. मला हसू आलं आणि रडू पण आलं. हे सगळं माझ्या कॅलेंडरच्या मागं लिहिलेलं आहे.

त्यांना मात्र काही सांगायची सोय नाही. डेअरीत शिफ्टच्या माणसांना धाकात ठेवलेला माणूस. तुमच्याच्यानं होत नाही असं कोण म्हणणार त्यांना? म्हणून मी लोण्याचंच निमित्त करते. लोण्या झोपून उठला की म्हणते, "त्याला खाली न्यायचंय, तुम्ही आधी जाऊन या बघू, मग आपण निघू." चहा झाला की तेच, जेवण झालं की तेच. कटकट करतात, पण जातात. संडासाच्या दाराला आपल्या वारणेच्या मागच्या दारासारखा निळा रंग दिला, अनुजानं आणि मी मिळून, आणि वर एक मोठी कडी ठोकून घेतली. उपयोग काही नाही तिचा. हाताला लागते, एवढंच.

देव्हाऱ्याखाली आता बहुतेक कोरडं असतं. नसलं तर मी पुसते, शब्द काढत नाही.

काल गंमत झाली. ते आपले आपण उठले, निळ्या दाराशी गेले, कडी काढली, आत गेले, बाहेर आले. मी भाकरी थापत होते. माझ्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "शाब्बास!"

तुला माहीत आहे, शाब्बास म्हटलं की माणूस आळशी होतं, असं म्हणणारे ते. तू शाळेत नंबर काढलास तेव्हा पण म्हणाले नव्हते. दारात येऊन उभे राहिले.

"कुनाला म्हनालीस?"

"लोण्याला."

"त्यो तर झोपलाय."

मी तव्याकडं बघत बसले. आता चप्पल उचलतात की काय. तर मागनं हसायचा आवाज आला. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं पोट धरून हसताना बघितलेलं नाही. हसत हसत खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "भाकरी करपली बग."

भीती गेली असं समजू नकोस. त्या हसण्यानं तर जास्तच वाटली. हा माणूस मला ओळखीचा नाही, असं क्षणभर वाटून गेलं.

आई


३० डिसेंबर

क्रांती,

आता सगळं ठीक आहे, हे आधी लिहिते, म्हणजे तू घाबरणार नाहीस. पण काल मला वाटलं, संपलं.

दुपारी लोण्यानं त्यांची एक चप्पल चावून ठेवली. ते फार चिडले. "वारणेला सोडून येतो ह्याला, कॉलनीत," म्हणाले. मी हो-हो म्हटलं, विसरतील म्हणून. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, खाली आले तर दार सताड उघडं. आण्णा नाहीत, लोण्या नाही, खुंटीवरचा पट्टा नाही. फोन टेबलावर.

मी अनवाणीच खाली पळाले. गवंड्यांना विचारलं, त्यांनी जाताना बघितलं होतं, पण कुठं वळले ते सांगता येईना. अनुजानं शिकवणी सोडली आणि गाडीवरनं स्टँडवर गेली, वारणेच्या एसटीत बघायला. पूर्णिमा वहिनींना शेवटी खरं सांगितलं. मला वाटलं, नाक मुरडतील. त्या पदर खोचून निघाल्या, म्हणाल्या, "तुमी पयल्या गल्लीकडनं, मी शेवटच्याकडनं." एकेक गल्ली बघितली. तशीच दुकानं, तशीच दारं, तेच दवाखाने. मला स्वतःला कळेना मी कुठल्या गल्लीत आहे, मग त्यांना कसं कळणार? उसाच्या ट्रॉल्या डोळ्यांसमोर येत होत्या. हमरस्त्यावर नुसत्या धावत असतात आता. मोठ्यानं हाक मारावी तर काय मारू? आयुष्यात त्यांचं नाव घेतलेलं नाही. शेवटी मी "लोण्या, लोण्या" ओरडत हिंडले.

अनुजा परत आली. एसटीत नव्हते. पोलिसांत जाऊया म्हणाली. दिवेलागण व्हायला आली होती. मी म्हटलं, वरनं त्यांचा फोटो घेते. जिना चढायला लागले आणि मागनं गवंड्यांतला तो एकजण ओरडला, "मावशी, त्यो बगा!"

गल्लीच्या तोंडाला लोण्या. जीभ बाहेर, पट्टा ताणलेला, नाक जमिनीला, सगळा जीव लावून ओढत होता. आणि मागं पट्ट्याला धरून आण्णा, एका पायात चप्पल. लोण्यानं त्यांना रस्त्यावरनं ओढत आणलं ते सरळ वाळूच्या ढिगावर. तिथं पोचला आणि केलं. किती वेळ धरून ठेवलेलं कुणास ठाऊक, संपेना. दुसरीकडं कुठं करायचंच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं ना. करून झाल्यावर मान वर करून शाब्बासकीची वाट बघत बसला.

आणि आण्णा खाली वाकले. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास रे माझ्या वाघा!"

मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. क्रांती, मला लिहवत नाही, पण तुला खोटं पुन्हा लिहिणार नाही. हात जोडून म्हणाले, "बाई, हे कुत्रं तुमचं का?"

सगळी माणसं भोवती उभी. पण पिल्लू तिथं माझ्याकडं बघून शेपूट हलवत होतं, आणि ओरडायचं नाही, शब्द काढायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

"व्हय," मी म्हटलं. "आमचंच हाय. आनि तुमी बी आमचंच. चला वर."

आले. माझ्या मागनं मुकाट्यानं जिना चढले. घरात शिरल्यावर त्यांनी निळ्या दाराची कडी काढली, जाऊन आले, खुर्चीत बसले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घेताना म्हणाले, "बना, पायाला काय झालं गं तुझ्या? रक्त येतंय."

मी म्हटलं, शाब्बास. या वेळी त्यांनी कुणाला ते विचारलं नाही.


३१ डिसेंबर

पत्र काल टाकायचं राहिलं, म्हणून पुढं लिहिते.

सकाळी चहा घेताना आण्णा म्हणाले, "क्रांती कुठाय? शाळा सुटली न्हाय का अजून?"

तू सासर सोडून आलीस तेव्हा तुला दारातनं परत पाठवलं होतं, ते त्यांच्यातनं गेलेलं आहे. मी आनंद मानू की काय करू, मला कळत नाही. ते विसरले, तू विसरलेली नाहीस. तुझं ते तुझ्यापाशीच राहू दे. त्यासाठी मी तुला आज काही मागणार नाही.

पण ते रोज थोडे थोडे जातायत, आणि मला एकटीला भीती वाटते. पहिल्या पत्रात परत ये म्हणणार नाही, असं लिहिलं होतं. आता म्हणते. ये.

स्टँडवरनं रिक्षा कर, गल्लीचा नंबर पाकिटावर आहे. गल्लीत शिरलीस की नंबर शोधत बसू नकोस, वाळूचा ढीग बघ. चहाच्या वेळेला आम्ही तिघं तिथंच उभे असतो.

त्यांनी तुला ओळखलं नाही, कुठलं पावणं म्हणून विचारलं, तर रागावू नकोस. लोण्याच्या डोक्यावर हात ठेव आणि आमच्याबरोबर जिना चढ. आणि ओळखलं, क्रांती म्हणाले, तर तिथंच, त्याच क्षणी, मोठ्यानं शाब्बास म्हण. घरात येईपर्यंत थांबू नकोस.

तुझी
आई